हवेचा दिवस

हरिपुरात आज कुणालाही विचारा, दिलावर मुकादम कसा माणूस आहे म्हणून. विचारलेला माणूस आधी इकडेतिकडे बघेल, मग आवाज खाली आणून सांगेल, की माणूस कामाचा आहे, पण आतल्या गाठीचा. उक्तं सांगतो. कशाचे किती विचारलं की तोंडाला कुलूप. पैसे मात्र बाकीच्या मुकादमांपेक्षा जास्त घेतो आणि तेही सगळेच्या सगळे आगाऊ. म्हणोत बापडे. ज्यांना त्याचं आधीचं वागणं ठाऊक नाही त्यांनी तसं म्हटलं तर समजू शकतं. पण ज्यांनी त्याच्या हाताची बोटं मोजलेली आहेत तेही त्यांच्यात मिसळून माना डोलावतात, तेव्हा डोक्यात तिडीक जाते.

हरिपूर म्हणजे सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं गाव. तिथली माती अशी चिकण, की तिच्यात खोल खड्डा खणून हळद भरून ठेवली तर वर्षं गेली तरी तिला कीड शिवत नाही. ह्या खड्ड्याला पेव म्हणतात. वरचं तोंड एक माणूस अंग चोरून उतरेल एवढंच, आणि आत गेलं की चांगली घरातल्या खोलीएवढी पोकळी. बुडाला आणि कडेनं उसाचं पाचट घालायचं, हळद भरायची, वरून फरशी टाकून मातीनं लिंपून घ्यायचं. भाव चढला की पेव फोडायचं. हे फोडण्याचं आणि उपसण्याचं काम दिलावरची टोळी करायची. त्याच्या बापानंही तेच केलं होतं.

आता ह्या कामात एक अडचण अशी, की महिनेन् महिने बंद राहिलेल्या पेवात हवा कोंडते. तिला ना रंग ना वास. माणूस उतरतो, पाय टेकतो आणि तसाच खाली बसतो. म्हणून पेव फोडलं की एक दिवस आणि एक रात्र ते उघडं टाकायचं, दुसऱ्या दिवशी दोराला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. कंदील तेवत राहिला तर उतरायचं, विझला तर पुन्हा बसून राहायचं. आणि उतरलेल्या माणसानं खाली गप्प राहायचं नाही. काहीबाही बोलत राहायचं, म्हणजे वरच्यांना कळतं की सगळं ठीक चाललंय. कुणी अभंग म्हणे, कुणी सासूला शिव्या देई.

दिलावरची रीत सगळ्या मुकादमांहून वेगळी होती. हळदीचा धनी आला की तो त्याला पेवाच्या कडेलाच खाली बसवायचा आणि उजवा हात पुढे धरायचा. करंगळीपासून सुरुवात. "ही गड्यांची मजुरी. ह्या पाट्या आन् दोर. ही पोती, सुतळी. ह्या गाड्या." आणि शेवटी अंगठा. "आन् ही हवा." प्रत्येक बोटाचे किती ते सांगायचा, त्यात स्वतःचं किती राहतं तेही सांगायचा, आणि मग म्हणायचा, "निम्मं आज द्या, निम्मं हळद गाडीत चढल्याव. मागनं कुरकुर नको. माज्या धंद्याला पडदा न्हाई."

आगाऊ मिळालेले पैसे तो खिशात ठेवून फिरणाऱ्यांतला नव्हता. त्याच संध्याकाळी गड्यांना वाटून टाकायचा. टोळीतले निम्मे गडी आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातले. ज्यांच्या घरी चूल पेटायची पंचाईत, त्यांनी आधी काम करावं आणि मग पैसे बघावेत हे त्याला पटायचं नाही.

त्याची बायको जरिना त्याला कितींदा म्हणाली असेल. "आवं, बाकीचं मुकादम काय येडं हायत? तुमी एकेक बोट उघडून दावताय. उद्या कुनीतरी त्यातलं एक मोडील."

"मोडू दे की," दिलावर म्हणायचा. "जे खरं हाय ते कोन मोडनार?"

आणि खरंच, कुणी मोडलं नव्हतं. घासाघीस व्हायची, दोरावरून व्हायची, गाड्यांवरून व्हायची. पण अंगठ्याला हात घालायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्याच्या टोळीत धुळा नावाचा एक धनगर होता. आटपाडीच्या पलीकडचा, अंगानं शेलाटा, बोलायला गोड. दुष्काळात त्याची मेंढरं गेली आणि तो सांगलीला आला. पेवाच्या तोंडातून अंग काढायला त्याच्यासारखा दुसरा नव्हता, म्हणून पहिला तोच उतरायचा. खाली गेला की आपल्या गेलेल्या मेंढरांना हाका मारायचा. काळी, बांडी, कानी, मोरी, चांदी, आणि अशी लांबच लांब माळ. वर कृष्णात नावाचा गडी दोर धरून बसलेला असायचा, तो चेष्टा करायचा, "आरं, मेंढरं वर चरत्यात, खाली कुठं हुडकतोस?" धुळा खालून म्हणायचा, "वर न्हाईत गड्या, समदी बघितली." आणि हसायचा. ते हसू पेवात घुमायचं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचं ते पाचवं वर्ष असेल. हळदीचा भाव चढला होता, पण माल हलवायला आगगाडीची वॅगन मिळेना. वॅगन मिळाली म्हणजे लग्नाचा मुहूर्त मिळाल्यासारखी माणसं धावायची. घासलेटही मिळत नव्हतं. रेशनवर मिळे ते स्वयंपाकघरातल्या चिमणीलाही पुरत नसे. कंदिलापुरतं हवं असलं तर काळ्या बाजारात मागेल ती किंमत मोजायची. दिलावर तीही अंगठ्यात धरायचा आणि तसं सांगायचा.

वैशाखात मनुबाई आली. कृष्णाकाठच्या एका गावची शेतकरीण, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बाई फटकळ, पण मनानं निर्मळ. शेत स्वतः बघायची, बाजार स्वतः करायची. तिच्या विहिरीचा काठ ढासळला होता आणि पावसाळ्याच्या आत दगडी बांधकाम झालं नाही तर विहीर बुजणार होती. त्यासाठी पेवातली हळद विकायची. व्यापाऱ्यानं माधवनगरच्या स्टेशनावर वॅगन धरून ठेवली होती, ठरल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माल चढला पाहिजे, नाहीतर सौदा मोडला.

दिलावरनं तिला बसवलं आणि हात पुढे केला. करंगळी झाली, दोर झाले, पोती झाली, गाड्या झाल्या. मनुबाई मान हलवत होती. तिला हा माणूस आवडला होता. मग अंगठा आला.

"हवा?" मनुबाई म्हणाली. "हवेचं पैसं?"

"व्हय आक्का. पेव उघडून एक दिवस तसंच ठिवावं लागतं. गडी बसून ऱ्हात्यात, त्यांचा रोज बुडतो. रातची राखण आली. आन् दिवा सोडायचा तर त्याल."

"म्हंजे गडी दिसभर बसनार, आन् त्यांच्या बसायचं पैसं मी देनार."

भोवती हमाल होते, दोन गाडीवान होते. ते हसले. मनुबाईला चेव आला. "देवानं वारा फुकट दिलाय, त्यो बी सांगलीत इकत घ्यायचा म्हनायचा," ती म्हणाली, आणि आणखी हशा झाला. बाईच्या मनात काही वाईट नव्हतं. ती गंमतच करत होती.

पण दिलावरची कानशिलं तापली. आयुष्यात त्यानं फुकटचा पैसा घेतला नव्हता, आणि आज चारचौघांत त्याच्याच उघड्या हातावर बोट ठेवून एक बाई म्हणत होती, की तू बसून खातोस. दुसरा मुकादम असता तर म्हणाला असता, घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालू लागा. पण दुसऱ्या मुकादमानं ते बोट दाखवलंच नसतं.

"आसं करू," मनुबाई म्हणाली. "माजा गडी हाय आकाराम. त्यो आदल्या दिशी सकाळी पेव उघडंल, रातभर हितंच पडंल. तुमी दुसऱ्या दिशी या आन् उपसा. तुमच्या गड्यांना कशाला बसवून ठिवायचं? त्ये बी दुसरीकडं चार पैसं मिळवतील."

बोलणं रास्त होतं. दिलावरला त्यात काही चूक सापडेना. हवा खेळल्याशी काम, पेव कुणी का उघडेना. त्यानं अंगठा मिटला.

इथंच थांबला असता तरी चाललं असतं. पण स्वभाव आडवा आला. तो म्हणाला, "मग त्यालाचं बी काढतो, आक्का. हवा तुमी बघनार म्हनल्याव दिव्याचं पैसं मी कशापायी घिऊ? ते हरामाचं हुईल."

मनुबाई खूश झाली. "आसा मानूस पायजे धंद्यात," असं ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि पदराची गाठ सोडून निम्मे पैसे तिथल्या तिथं मोजून दिले. दिलावरलाही बरं वाटलं. मघाशी गेलेलं काहीतरी परत मिळाल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी पैसे वाटले गेले. धुळाची बायको साळूबाई नुकतीच बाळंत झाली होती. त्याचे पैसे गावाकडच्या एका माणसाबरोबर गेले आणि त्या पैशांचे जोंधळे घरात आले.

ठरल्या दिवशी सकाळी दिलावर निघाला, तेव्हा कंदील खुंटीला होता. त्यानं जाता जाता तो हलवून बघितला. आत घासलेट खळखळलं नाही.

"न्हेत न्हाई व्हय त्यो?" जरिनानं विचारलं.

"आज त्येचं काम न्हाई. पैसं घेतलं न्हाईत," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

पेवापाशी सगळं तयार होतं. तोंड उघडं होतं, फरशी बाजूला सरकवलेली होती, गाड्या जुंपायच्या बाकी होत्या. मनुबाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती. आकाराम नदीवर तोंड धुवायला गेला होता.

"कालपास्नं उघडं हाय न्हवं?" दिलावरनं विचारलं.

"काल सकाळपास्नं," मनुबाई म्हणाली. "म्या जाताना त्येला सांगूनच गेलेली." तिला जे ठाऊक होतं ते तिनं सांगितलं.

दिलावर तोंडाशी वाकला आणि आत बघितलं. हळदीचा वास आला. चांगला, कोरडा वास. धुळानं कमरेला फडकं आवळलं, दोर धरला आणि नेहमीसारखा अंग चोरून आत शिरला. "गाड्या जुपा रं," तो जाता जाता म्हणाला. "आक्काची हीर बांधायची हाय."

खालून त्याची माळ सुरू झाली. काळी. बांडी. मग थोडा वेळ काहीच नाही.

"आरं, कानी कुठं गेली?" कृष्णातनं वरून चेष्टा केली.

दोर ढिला पडला.

"धुळा," दिलावरनं हाक मारली. मग पुन्हा मारली. उत्तर आलं नाही, तसा तो काही न बोलता दोर धरून आत शिरला. कृष्णातनं त्याच्या काखेत दुसरा दोर अडकवला तेवढंच. निम्म्यात गेला असेल नसेल, त्याच्या कानात गाड्यांची चाकं फिरावीत तसा आवाज झाला आणि हात सुटले. वरच्यांनी त्याला ओढून काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. शुद्धीवर आला तो आधी रांगत पेवाकडेच निघाला. दोघांनी त्याला धरून ठेवलं.

धुळाला काढायला दुपार झाली. घोंगड्यांनी वारा घालून, भिजलेलं पोतं वरखाली करून, आणि मग कुणाच्यातरी घरातून आणलेला कंदील आत सोडून. तो कंदील पहिल्यांदा विझला. दुसऱ्यांदाही विझला. तिसऱ्यांदा तेवला, तेव्हा कृष्णात उतरला आणि त्यानं धुळाच्या कमरेला दोर बांधला. धुळाच्या तळव्यांना हळद लागलेली होती. एक पाटीसुद्धा त्यानं भरली नव्हती.

आकाराम म्हातारा पेवाच्या कडेला बसून कपाळ बडवून घेत होता. झालं होतं ते असं. सकाळी मालकिणीच्या उसाला पाणी देण्यात त्याचा वेळ गेला, पेव उघडायला दुपार कलली. उघडलं तोवर वळवाचं आभाळ आलं, चार थेंब पडले. हळद भिजू नये म्हणून त्यानं फरशी परत ओढली, फटींत पोती कोंबली आणि रात्रभर त्याच्यावर आडवा होऊन राखण केली. पहाटे आभाळ मोकळं झालं तसं पुन्हा उघडलं. "हळद भिजली आसती तर आक्का मला काय म्हनली आसती," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याला कुणी रागावलं नाही. रागवायचं तरी काय? त्यानं माल सांभाळला होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की त्या उघड्या तोंडाचा एक दिवस असतो आणि त्या दिवसाला किंमत असते.

फौजदार आला, पंचनामा झाला, हवेनं मेला असं लिहून घेऊन गेला. वॅगन गेली ती गेलीच. मनुबाईनं तिची चौकशीसुद्धा केली नाही. विट्याकडे जाणारी एक मालमोटार मिळाली, तिच्यात धुळाला ठेवलं, तेव्हा ती पुढे आली आणि पदराची अख्खी गाठ दिलावरच्या हातात दिली. "राहिल्यालं निम्मं हाय," ती म्हणाली. "ह्यात हवेचं बी हाय. घरच्यांना द्या." त्यानं गाठ घेतली. तिच्या तोंडाकडे बघायचं मात्र त्याला झालं नाही.

आटपाडीच्या पलीकडं ती वस्ती. माळावरची दोन-चार छपरं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाला मूठमाती दिली. साळूबाई ओली बाळंतीण, तिला बायकांनी धरून बसवलं होतं. ती फार रडली नाही. रडायचं बळच नव्हतं तिच्यात. दिलावर आणि कृष्णात निघायला उठले, तशी ती छपरात गेली आणि एक पोतं ओढत बाहेर आली. अर्धं भरलेलं जोंधळ्याचं पोतं.

"ह्ये घिऊन जावा," ती म्हणाली.

"कशाचं?"

"तुमी त्येस्नी आदी पैसं दिल्यालं. त्येचंच ह्ये. निम्मं खाल्लं आमी, निम्मं हाय. काम व्हायच्या आदीच गेलं म्हनत्यात मानसं. मग ह्ये आमचं कसं? खाल्ल्यालं बी फेडीन मी, जरा उठबस करायला लागल्याव."

उभ्या जन्मात दिलावर हिशेबात कुणाशी खोटं बोलला नव्हता. एका पाटीचं, एका सुतळीच्या तोड्याचंही नाही. कृष्णात बाजूला उभा होता, त्याला सगळं ठाऊक होतं.

"वैनी," दिलावर म्हणाला, "काम झालं. पुरं झालं. समदी हळद त्येनंच काढली. शेवटची पाटी वर दिली आन् मग... उलट त्येचंच निघत्यात आमच्याकडं." आणि त्यानं मनुबाईची गाठ आणि स्वतःच्या खिशातलं होतं नव्हतं ते तिच्यापुढे ठेवलं.

कृष्णातनं मान खाली घातली. साळूबाईचा चेहरा जरा सैल झाला. नवऱ्यानं पैसे घेऊन काम अर्धं टाकलं नाही, एवढा तिला आधार झाला. तिनं पोतं परत ओढून आत ठेवलं. मग उंबऱ्यात बसली आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ह्ये म्हनायचे, दिवा सोडल्याबिगार दिलावरभाई कुनाला उतरू देत न्हाईत. म्हून मी कवा काळजी केली न्हाई. ह्या टायमाला दिवा बी फसला म्हनायचा."

दिलावरनं तोंड उघडलं. बोलायला एवढंच होतं, की दिवा फसला नाही बाई, दिवा माझ्या घरात खुंटीला होता. त्याच्या जिभेवर आलंही असेल. पण तो बोलला नाही. साळूबाईनं दिव्याला दोष दिला, दैवाला दोष दिला, आणि तो ते ऐकून घेत उभा राहिला. पहिलं खोटं तिच्यासाठी होतं. हे दुसरं कुणासाठी होतं ते त्याचं त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि ते त्याला अजूनही पचलेलं नाही.

घरी आला तो दोन दिवस अंथरुणातून उठला नाही. जरिनानं खुंटीवरचा कंदील काढून आत ठेवला होता. "त्यो हाय तिथं राहू दे," एवढंच तो म्हणाला. तिनं परत अडकवला. एक बोट कुणीतरी मोडील असं ती म्हणायची, पण आता ते तिनं तोंडातून काढलं नाही. कुठं बोलावं आणि कुठं गप्प बसावं हे त्या बाईला कळत होतं.

त्यानंतर दिलावरनं हात पुढे करणं सोडलं. गिऱ्हाईक आलं की उभ्याउभ्या एक आकडा सांगायचा. "उक्तं. समदं आगाऊ."

"आन् कशाचं किती?"

"ते सांगत न्हाई. पटलं तर बघा."

माणसं चकित व्हायची. हाच तो दिलावर, ज्याच्या धंद्याला पडदा नव्हता? मग कुजबुज सुरू झाली. हळदीच्या पैशानं डोळं फिरलं म्हणाले. एक माणूस मेला त्याचा खर्च आमच्याकडून वसूल करतोय म्हणाले. हे तर फार झालं. काही गिऱ्हाइकं दुसऱ्या मुकादमाकडे गेली. जी राहिली ती ह्याच कारणानं राहिली, की त्याच्या टोळीतला माणूस खाली जातो तसा वर येतो. पण हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. धडधाकट वर आलेल्या माणसाची आठवण कोण ठेवतो? पैसे जास्त गेले, तेवढं मात्र लक्षात राहतं. दिलावर पेव फोडून सगळ्या टोळीला कडेला बसवायचा, दिवसभर, रात्रभर. त्यांना पूर्ण रोज द्यायचा. आटपाडीकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती काही ना काही पाठवायचा. हे सगळं त्या एका आकड्यात असायचं आणि तो ते कुणाला सांगायचा नाही. लबाड म्हणाले तरी सांगायचा नाही.

पुढच्या वर्षी मनुबाई पुन्हा आली. वर्षात दहा वर्षांनी म्हातारी झालेली. विहीर तशीच राहिली होती, पावसात बुजली ती बुजलीच. ती आपण होऊन पेवाच्या कडेला जमिनीवर बसली. दिलावर उभाच होता. त्यानं आकडा सांगितला. तिनं गाठ सोडली आणि सगळे पैसे पुढे ठेवले.

मग म्हणाली, "दिलावरभाई, एक मागते. समदं नगं. अंगठ्याचं किती, तेवढं मला सांगा. त्ये मला येगळं मोजून द्यायचं हाय. माज्या हातानं."

"न्हाई सांगनार, आक्का."

"मी घासाघीस करीन म्हून?" तिचे डोळे भरून आले. "आवं, ह्या जल्मात करनार न्हाई. रोज राती मला माजंच हासनं ऐकू येतं."

दिलावर खाली बसला. वर्षभरात पहिल्यांदाच तो कुणा गिऱ्हाइकापुढे असा बसला होता. "तुमी करनार न्हाई, आक्का," तो म्हणाला. "मी करीन. म्या उघडून सांगितलं की मलाच वाटाय लागतं, ह्यात काय तरी जादा हाय, ह्ये काढावं, आपन चांगलं दिसू. गेल्या साली हवा तुमी काढलीसा. त्याल कुनी काढलं?"

त्या दिवशी आपण खूश होऊन काय बोललो होतो ते मनुबाईला आठवलं असावं. तिनं पदर तोंडाला लावला. दिलावरही रडला, अगदी उघड, गड्यांच्या देखत. त्याला कुणी आवरलं नाही.

पेव फोडलं. टोळी कडेला बसली. मनुबाई घरी गेली नाही, तीही तिथंच बसून राहिली, दिवसभर आणि रात्रभर. आभाळ आलं तेव्हा आकाराम चुळबुळला. "हळद भिजंल, आक्का," तो म्हणाला. "भिजू दे," मनुबाई म्हणाली. सकाळी दिलावरनं खुंटीवरून आणलेला कंदील पेटवला आणि दोराला बांधून आत सोडला. सगळे वाकून बघत होते. ज्योत खाली गेली, जरा हलली आणि तेवत राहिली. त्यानं पुरेसा वेळ जाऊ दिला, मग कंदील वर घेतला.

आता पहिला कृष्णात उतरायचा.

"बोलत ऱ्हा रं," दिलावरनं वरून सांगितलं.

कृष्णातला काय बोलावं सुचेना. त्याला चेष्टा करता यायची, ती वरून. थोडा वेळ नुसता पाचटाचा आवाज आला आणि वरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग खालून तो म्हणाला, "काळी." जरा थांबून म्हणाला, "बांडी. कानी." आणि अडला. पुढचं नाव त्याला येईना.

दिलावर पेवाच्या तोंडाशी वाकला. "मोरी," त्यानं सांगितलं. "मोरीच्या म्होरं चांदी."

"चांदी," कृष्णात खालून म्हणाला, आणि पहिली पाटी वर आली.